मिनिटांची वही

पस्तीस वर्षं एसटीच्या डेपोत
यांनी गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
सुटली किती वाजता, पोचली किती वाजता.
आता निवृत्त झाले, क्वार्टर सोडायचं,
तर घर शोधायलाही वही घेऊनच निघाले.

लोक विहिरीचं पाणी पाहतात, दाराचं तोंड पाहतात.
हे विचारतात,
"रात्री दोनला छातीत दुखलं, तर?"
प्लॉट दाखवणारा पोरगा दचकतो,
"काहून असं बोलता जी काका!"

तालुक्याच्या गावी तीन दिवस लॉजवर राहिलो.
ग्रामीण रुग्णालयाच्या कडुनिंबाखाली
एकशे आठची गाडी,
टपावर निंबोळ्यांचा सडा.
ड्रायव्हर डब्यातली वांग्याची भाजी खात होता.
हे त्याच्याशेजारी ओट्यावर बसले, अर्धी पोळी खाल्ली,
आणि लिहिलं:
गाडी आहे. ऑक्सिजन आहे.
डॉक्टर दिवसा आहे.
रात्री "भंडाऱ्याला न्या" आहे.
नगरपंचायतीच्या आवारात बंब,
लाल, कोरा, चाकांना अजून प्लास्टिक.
बॅटरी कुठं गेली, ते कोणालाच माहीत नाही.

माझं मन चिचटोल्यात.
भावाच्या घराला लागून दोन खोल्या, दारात सीताफळ.
तिथं बंब नाही, पण तणसीच्या ढिगानं पेट घेतला तेव्हा
गुंडं, बादल्या, शेणाची घमेली घेऊन
सत्तावन्न माणसं धावली.
जावई म्हणून गेलेले हे, एका हातानं पाणी फेकत
माणसं मोजत होते.
चार मिनिटं, असं लिहिलं, खाली रेघ मारली.
मी म्हटलं, झालं तर मग!

हे नाल्याकडं पाहत राहिले.
कोरडा होता. पोरं त्यात गोट्या खेळत होती.
शेवंताबाई सुपातले तांदूळ निवडता निवडता बोलली.
भादव्यात रपट्यावर छातीएवढं पाणी,
गाडी पलीकडं उभी,
अलीकडं तिची सून खाटेवर.
"निळा दिवा दिसत होता बाई,
रातभर दिसत होता."
यांनी पेनाला टोपण लावलं.
त्या ओळीपुढं आकडा नाही.

ले-आउटमधलं घर घेतलं.
मी महिनाभर धड बोलले नाही.

ले-आउटला नाव आहे, गल्ल्यांना नाही.
टाकीजवळ म्हणावं, तर टाक्या तीन.
मंदिरामागं म्हणावं, तर मंदिर अजून वर्गणीत.
सिलिंडरवाला चार फोन करून
पलीकडच्या गल्लीत जाऊन ओरडतो.
वास्तुशांतीच्या आधी यांनी पिवळा ऑइलपेंट आणला,
भिंतीवर हातभर आकडा काढला: ४७.
मग शेजारच्या पोराला, अंधार पडल्यावर,
मोटरसायकल दोनदा वळवून आणायला लावली,
हेडलाइटात दिसतो का, म्हणून.
लोक हसले, "काका, कोणती गाडी लागते इथं?"
पंधरा दिवसांनी बोपचे मास्तर
कुंपणावरून हळूच म्हणाले,
"रंग उरला का जी थोडा?"
दिवाळीपर्यंत गल्ली पिवळी झाली.
कोणाचा चार उलटा, कोणाचा पाच पोटुशी.

काल रात्री निळा उजेड आला,
भिंती चाचपत.
४५. ४६.
आमच्या दाराशी जरा रेंगाळला.
मी अंधारात यांचा हात धरला.
गरम होता.
उजेड पुढं गेला. ५२. मास्तर.
हे अनवाणीच धावले.
वही उशाशी राहिली.

त्यांच्या सुनेचा पहिला आरडा ऐकला तेव्हा
माझी नजर घड्याळाकडं गेली होती, का कोण जाणे.
मीच वही उघडली, मीच लिहिलं:
पोचली. एकोणीस मिनिटं.
मग "सुटली" लिहून पेन तसंच धरून बसले,
गाडीचं मागचं दार लागण्याचा
आवाज ऐकू येईपर्यंत.